साठ शब्दांचा कायदा : अमेरिकन काँग्रेसने दिलेला अधिकार परत का येत नाही?



मागच्या व्याख्यानात आपण जॉन लॉकचा संमतीचा विचार पाहिला. शेवटी एका श्रोत्यांनी विचारलं होतं, की लोकांनी प्रतिनिधींना अधिकार दिला हे समजलं, पण प्रतिनिधींनी तोच अधिकार उचलून तिसऱ्याला देऊन टाकला तर काय? प्रश्न महत्त्वाचा होता आणि वेळ संपली होती. म्हणून आज तिथूनच सुरुवात करू. फक्त तो हवेत सोडवायचा नाही, प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टीवर घासून पाहायचा. ती गोष्ट म्हणजे या सहस्रकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेच्या संसदेत काय घडलं.

आधी एक खुलासा. आज आपण 'काँग्रेस' म्हणू तेव्हा आपल्याकडचा पक्ष डोळ्यांपुढे आणायचा नाही. अमेरिकेच्या संसदेचं नाव काँग्रेस. तिची दोन सभागृहं : ४३५ सदस्यांचं प्रतिनिधीगृह आणि १०० सदस्यांचं सिनेट. राष्ट्राध्यक्ष या दोन्हींच्या बाहेर असतो, आपल्या पंतप्रधानांसारखा सभागृहात बसत नाही. आणि १७८७ साली लिहिलेल्या राज्यघटनेने युद्ध पुकारण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला नाही, काँग्रेसला दिला आहे. सैन्याचा सरसेनापती राष्ट्राध्यक्ष, पण युद्ध करायचं की नाही हे ठरवणार काँग्रेस. घटनाकारांनी ही वाटणी समजून उमजून केली होती. ज्याच्या हाती तलवार, त्याच्याच हाती ती उपसण्याचा निर्णय नको, एवढाच साधा विचार त्यामागे होता.

आता दशकाची सुरुवात आठवू. २००० सालची निवडणूक फ्लोरिडा राज्यात अडली. तिथे जॉर्ज बुश यांची आघाडी ५३७ मतांची. मतमोजणीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १२ डिसेंबरला पाच विरुद्ध चार अशा निकालाने मिटला. सिनेटमध्ये दोन्ही पक्षांचे ५०-५० सदस्य. मे २००१ मध्ये जिम जेफर्ड्स नावाच्या एका सदस्याने रिपब्लिकन पक्ष सोडला, आणि तेवढ्याने सिनेटमधलं बहुमत इकडून तिकडे गेलं. म्हणजे ही अशी संसद होती की जिच्यात एका माणसाच्या उठून दुसरीकडे बसण्याने सत्ता बदलत होती.

आणि मग ११ सप्टेंबर आला. त्यानंतर तीन दिवसांनी, १४ सप्टेंबर २००१ रोजी, याच दुभंगलेल्या संसदेने एक ठराव मंजूर केला. सिनेटमध्ये ९८ विरुद्ध शून्य. प्रतिनिधीगृहात ४२० विरुद्ध एक. १८ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्षांची सही झाली आणि तो कायदा झाला.

त्या कायद्याचं मर्म एकाच वाक्यात आहे. इंग्रजीत मोजून साठ शब्दांचं वाक्य. त्याचा आशय आपण मराठीत असा मांडू : ज्या राष्ट्रांनी, संघटनांनी किंवा व्यक्तींनी ११ सप्टेंबरचे हल्ले योजले, घडवले, त्यांना मदत केली किंवा अशा लोकांना आसरा दिला असं राष्ट्राध्यक्ष ठरवतील, त्यांच्याविरुद्ध आवश्यक आणि योग्य ते सर्व बळ वापरण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना आहे, हेतू हा, की अशांकडून पुढे पुन्हा तसं काही होऊ नये.

आम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं. विद्यार्थ्यांना सांगायचो, की वाक्य वाचताना त्यात काय आहे एवढंच पाहू नका, काय नाही तेही पाहा. या वाक्यात तीन गोष्टी नाहीत. शत्रूचं नाव नाही. जागेचं नाव नाही; अफगाणिस्तान हा शब्दही नाही. आणि तारीख नाही, म्हणजे हा अधिकार केव्हा संपेल ते नाही. जे आहे त्यात सर्वांत वजनदार भाग कोणता? 'असं राष्ट्राध्यक्ष ठरवतील' हा. शत्रू कोण, हे ठरवण्याचं काम घटनेने ज्यांना दिलं होतं त्यांनी ते एका छोट्या उपवाक्यात दुसऱ्याकडे सोपवलं.

इथे काँग्रेसवर अन्याय होता कामा नये. व्हाइट हाउसकडून आलेला पहिला मसुदा याहून मोकळा होता. त्यात भविष्यातली कोणतीही दहशतवादी कृत्यं किंवा आक्रमणं आधीच रोखण्याचा अधिकार मागितला होता, त्यांचा ११ सप्टेंबरशी संबंध असो वा नसो. काँग्रेसच्या नेत्यांनी ते काढून टाकलं. सिनेटमधले तेव्हाचे बहुमताचे नेते टॉम डॅशल यांनी पुढे लिहिलं, की मतदानाच्या काही मिनिटं आधी 'अमेरिकेच्या भूमीवरही' अशा अर्थाचे शब्द घालण्याची मागणी आली आणि त्यांनी ती नाकारली. म्हणजे ही माणसं झोपलेली नव्हती. त्यांनी दोन दारं बंद केली, पण तिसरं उघडं राहिलं, ते काळाचं.

आणि तो एक विरोधी मत देणारा सदस्य कोण? कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या प्रतिनिधी बार्बरा ली. त्या दिवशी दुपारी वॉशिंग्टनच्या कॅथीड्रलमध्ये मृतांसाठी प्रार्थनासभा झाली. ली तिथे होत्या. रात्री सभागृहात त्या बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज कापत होता. हल्लेखोरांना सोडून द्या असं त्या म्हणाल्या नाहीत. जरा थांबू, या कृतीचे परिणाम नीट पाहू, आणि ज्याचा आपण धिक्कार करतो तेच आपण होऊन बसू नये याची काळजी घेऊ, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, पोलिसांचं संरक्षण घ्यावं लागलं. पुढच्याच निवडणुकीत त्यांच्या मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं, हेही नोंदवून ठेवू.

आता पुढे काय झालं ते पाहू.

ऑक्टोबर २००१ मध्ये 'पेट्रियट ॲक्ट' आला. दिवस कसे होते? डॅशल यांच्या कार्यालयात अँथ्रॅक्सची पूड घातलेलं पाकीट आलं होतं, सिनेटची एक इमारत बंद करावी लागली होती, सदस्यांना आपल्याच कचेऱ्यांत जाता येत नव्हतं. प्रतिनिधीगृहाच्या न्यायसमितीने एकमताने मंजूर केलेला मसुदा बाजूला ठेवून दुसराच मसुदा सभागृहापुढे मांडला गेला. तीनशेहून अधिक पानांचा हा कायदा हल्ल्यानंतर ४५ दिवसांत, २६ ऑक्टोबरला, सहीनिशी अमलात आला. प्रतिनिधीगृहात ६६ जण विरोधात गेले. सिनेटमध्ये फक्त एक, विस्कॉन्सिनचे रस फाइनगोल्ड.

वर्षभराने, ऑक्टोबर २००२ मध्ये, इराकचा ठराव आला. प्रतिनिधीगृहात २९६ विरुद्ध १३३, सिनेटमध्ये ७७ विरुद्ध २३. नोव्हेंबरच्या सुरुवातीला निवडणुका होत्या, त्यामुळे युद्धाबद्दलचं हे मत प्रचाराच्या ऐन धामधुमीत दिलं गेलं. त्या ठरावातही तीच शब्दरचना होती : राष्ट्राध्यक्षांना आवश्यक आणि योग्य वाटेल तसं बळ वापरावं. काँग्रेसने 'युद्ध करा' असं म्हटलं नाही. 'करायचं की नाही ते तुम्ही ठरवा' असं म्हटलं. मार्च २००३ मध्ये त्यांनी ठरवलं. ज्या महासंहारक शस्त्रांसाठी युद्ध झालं त्यांचे साठे सापडले नाहीत.

आणि पहिल्या ठरावातले साठ शब्द? त्यांची सावली लांबत गेली. २००४ मध्ये 'हमदी' खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न आला, की रणांगणावर पकडलेल्या अमेरिकन नागरिकाला खटल्याविना डांबून ठेवता येतं का. न्यायालयाने म्हटलं, की अशा स्थानबद्धतेची परवानगी त्या ठरावात अभिप्रेत आहे. मात्र त्या माणसाला तटस्थ अधिकाऱ्यापुढे आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी लागेल, कारण युद्ध म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या हाती दिलेला कोरा धनादेश नव्हे. डिसेंबर २००५ मध्ये 'न्यू यॉर्क टाइम्स'ने उघड केलं, की वॉरंटशिवाय लोकांचे परदेशांशी होणारे फोन ऐकले जात आहेत. १९७८ चा कायदा अशा टेहळणीसाठी विशेष न्यायालयाची परवानगी मागतो. सरकारने सांगितलं, की ती परवानगी आम्हाला मिळालेली आहे. कुठे? त्याच साठ शब्दांत! 'सर्व बळ' यात फोन ऐकणंही आलं, असा युक्तिवाद.

इतकंच नाही. २०१४ मध्ये 'इस्लामिक स्टेट'विरुद्ध सीरियात आणि इराकमध्ये बाँबफेक सुरू झाली, तेव्हा बुश जाऊन ओबामा आले होते, पक्ष बदलला होता. आधार मात्र २००१ च्या ठरावाचाच सांगितला गेला. ज्या नावाची संघटना ११ सप्टेंबरला अस्तित्वातही नव्हती तिच्याविरुद्धचं युद्ध ११ सप्टेंबरच्या गुन्हेगारांवरच्या ठरावात बसवलं गेलं.

आपल्याला इथे एक जुनी गोष्ट आठवते. दशरथाने रणांगणावर कैकेयीला दोन वर दिले. त्या क्षणी तिने त्याचे प्राण वाचवले होते. देणं स्वाभाविक होतं, त्यात लबाडी नव्हती. चूक एवढीच, की वर कशासाठी ते ठरलं नाही आणि केव्हापर्यंत तेही ठरलं नाही. पुढे ते अशा कामासाठी मागितले गेले, जे देणाऱ्याच्या स्वप्नातही नव्हतं. तेव्हा दशरथाने कितीही आक्रोश केला तरी शब्द गेलेला होता.

पण कोणी म्हणेल, दशरथ शब्दाने बांधलेला होता, संसद थोडीच बांधलेली आहे? कायदा केला तसा रद्द करावा. हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, आणि आजच्या व्याख्यानाचा गाभा त्याच्या उत्तरात आहे. तेव्हा जरा सावकाश जाऊ.

अधिकार द्यायला काय लागतं? दोन्ही सभागृहांत साधं बहुमत आणि राष्ट्राध्यक्षाची सही. ज्याला अधिकार मिळणार आहे तो सही आनंदाने करतो. आता तोच अधिकार परत घ्यायला काय लागतं? पुन्हा साधं बहुमत आणि राष्ट्राध्यक्षाची सही. पण ज्याच्या हातून अधिकार जाणार आहे तो सही का करील? तो नकाराधिकार वापरतो, म्हणजे व्हेटो. व्हेटो मोडायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात. म्हणजे देताना अर्ध्याहून एक जास्त पुरे, घेताना तीनातले दोन हवेत. दार आत यायला रुंद आणि बाहेर जायला अरुंद.

ही अडचण काँग्रेसला ठाऊक होती. व्हिएतनामच्या काळात तिने ती भोगली होती. ऑगस्ट १९६४ चा टोंकिनच्या आखाताचा ठराव सिनेटमध्ये ८८ विरुद्ध दोन मतांनी झाला होता. तो रद्द व्हायला १९७१ उजाडलं, आणि रद्द होऊनही युद्ध थांबलं नाही. म्हणून १९७३ च्या युद्धाधिकार कायद्यात एक युक्ती घातली, की दोन्ही सभागृहांनी ठराव केला तर राष्ट्राध्यक्षाने सैन्य माघारी आणलं पाहिजे, आणि या ठरावाला त्याची सही लागणार नाही. तशा तरतुदी इतरही अनेक कायद्यांत होत्या. पण १९८३ मध्ये 'चढ्ढा' नावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही युक्तीच घटनाबाह्य ठरवली. न्यायालयाचं तर्कशास्त्र सरळ होतं : कायद्यासारखा परिणाम करणारी गोष्ट कायद्याच्याच रस्त्याने गेली पाहिजे, म्हणजे दोन्ही सभागृहं आणि मग राष्ट्राध्यक्ष. खटला युद्धाचा नव्हता, एका परदेशी विद्यार्थ्याच्या हद्दपारीचा होता. पण त्याने परतीचा जवळचा रस्ता बंद केला.

आता २००७ साल पाहा, म्हणजे हे गणित किती खरं आहे ते कळेल. नोव्हेंबर २००६ च्या निवडणुकीत इराक युद्धाला कंटाळलेल्या मतदारांनी दोन्ही सभागृहं डेमोक्रॅटिक पक्षाच्या हाती दिली. लोकशाहीत लोकांनी याहून स्पष्ट काय बोलायचं? पण जानेवारीत बुश यांनी आणखी वीस हजारांहून अधिक सैनिक इराकला पाठवण्याची घोषणा केली. एप्रिलमध्ये काँग्रेसने युद्धखर्चाच्या विधेयकाला माघारीचं वेळापत्रक जोडलं. प्रतिनिधीगृहात २१८ विरुद्ध २०८, सिनेटमध्ये ५१ विरुद्ध ४६. विधेयक मंजूर झालं. १ मे रोजी राष्ट्राध्यक्षांनी व्हेटो वापरला. दुसऱ्या दिवशी तो मोडण्यासाठी मतदान झालं : २२२ बाजूने, २०३ विरुद्ध. बहुमत होतं, तरी हरले. ६२ मतं कमी पडली. लोकांचा कौल होता, दोन्ही सभागृहांचा ठराव होता, आणि तरी २००२ मध्ये दिलेली गोष्ट २००७ मध्ये परत घेता आली नाही.

पैसा रोखता आला असता, असं आपण म्हणू. तो अधिकार काँग्रेसकडे होताच. पण रणात उभ्या असलेल्या मुलांचा दारूगोळा तोडला, हा आरोप कोण घेणार? त्या महिन्याच्या अखेरीस वेळापत्रकाशिवायचं विधेयक मंजूर झालं.

मग माघारीची तारीख ठरली कशी? नोव्हेंबर २००८ मध्ये बुश सरकारने इराक सरकारशी करार केला, की ३१ डिसेंबर २०११ पर्यंत सगळं अमेरिकन सैन्य परत जाईल. हा करार इराकच्या संसदेपुढे गेला. तिथे चर्चा झाली, मतदान झालं. अमेरिकेच्या काँग्रेसपुढे तो मंजुरीसाठी गेलाच नाही. युद्ध कधी संपवायचं यावर बगदादच्या प्रतिनिधींनी मत दिलं आणि वॉशिंग्टनच्या प्रतिनिधींनी नाही. हे ऐकताना आम्हाला दर वेळी थांबावंसं वाटतं.

आता लॉककडे परत येऊ. विधिमंडळाकडे असलेला अधिकार ही लोकांनी ठेवलेली ठेव आहे, असं तो मानतो. ठेव ज्याच्याकडे ठेवली त्याने ती सांभाळायची असते, तिसऱ्याच्या हवाली करायची नसते. आपण हे वाचताना त्याला नीतीचा उपदेश समजतो. पण अमेरिकेच्या दशकाने दाखवलं, की त्यात एक अगदी व्यावहारिक सत्य आहे. ठेव एकदा दुसऱ्याच्या हाती गेली की मूळ मालकाने, म्हणजे लोकांनी, निवडणुकीत मागितली तरी ती सहजासहजी परत येत नाही. लोकांची संमती पाच वर्षांपूर्वी घाबरलेल्या क्षणी घेतली गेली आणि शांत झाल्यावर त्यांनी ती काढून घेतली. पण जुनी संमतीच चालू राहिली.

याच्याविरुद्ध एक आक्षेप आहे, आणि तो आपण प्रामाणिकपणे ऐकला पाहिजे. संकट आलं असताना संसद काय समित्या भरवत बसेल? शत्रू थांबेल का? हे खुद्द लॉकला मान्य होतं. विधिमंडळ मोठं असतं, संथ असतं, आणि काही प्रसंगी राजाने कायद्याची वाट न पाहता लोकहितासाठी वागावं, असं तो म्हणतो. आम्हालाही ते मान्य आहे. १४ सप्टेंबरला ज्यांनी हो म्हटलं ते भित्रे किंवा मूर्ख होते असं आम्ही म्हणणार नाही. प्रश्न घाईचा नाहीच. घाईत दिलेलं कायमचं का द्यायचं, हा प्रश्न आहे.

आणि याचं उत्तर त्याच काँग्रेसने त्याच ऑक्टोबरमध्ये शोधलं होतं. पेट्रियट ॲक्टमध्ये टेहळणीच्या १६ तरतुदींना मुदत घातली गेली : ३१ डिसेंबर २००५. इंग्रजीत याला 'सनसेट' म्हणतात. त्यासाठी आग्रह धरणाऱ्यांत राष्ट्राध्यक्षांच्याच पक्षाचे प्रतिनिधीगृहातले नेते डिक आर्मी होते. मुदतीने काय होतं पाहा. गणित उलटतं. आता अधिकार संपवायला दोन तृतीयांश लागत नाहीत, काहीच न करता तो संपतो. तो चालू ठेवायचा असेल तर सरकारला पुन्हा येऊन बहुमत मागावं लागतं, कारणं द्यावी लागतात. समर्थनाची जबाबदारी अधिकार वापरणाऱ्यावर येते.

मुदत म्हणजे रामबाण नव्हे. २००६ च्या मार्चमध्ये त्या सोळांपैकी चौदा तरतुदी कायमच्या करण्यात आल्या. पण राहिलेल्यांपैकी एक, लोकांच्या नोंदी मागवण्याचं २१५ वं कलम, पुन्हा पुन्हा मुदतीला येत राहिलं, आणि शेवटी २०१५ मध्ये काँग्रेसला ते आवळावं लागलं. साठ शब्दांच्या ठरावाला मुदत नव्हती. तो तसाच राहिला. दोन्ही कायदे त्याच भीतीच्या दिवसांतले. फरक एका तारखेचा.

आपल्याकडचा दाखला एका वाक्यात देतो. 'पोटा' कायदा मार्च २००२ मध्ये राज्यसभेने फेटाळल्यावर संसदेच्या संयुक्त बैठकीत मंजूर झाला. त्याला तीन वर्षांची मुदत होती, आणि २००४ मध्ये तो रद्द झाला तेव्हा त्यातल्या बऱ्याच तरतुदी मुदत नसलेल्या दुसऱ्या कायद्यात गेल्या. तेव्हा अमेरिकेकडे बोट दाखवून आपल्याला मोकळं होता येत नाही.

मग आपण सामान्य नागरिकांनी काय करायचं? एखादा कडक कायदा येतो तेव्हा आपण एकच प्रश्न विचारतो : हा हवा की नको? घाबरलेलो असतो, तेव्हा उत्तर 'हवा' असंच येतं. त्यात गैर काही नाही. पण त्याला जोडून तीन प्रश्न विचारायची सवय आपण लावून घेऊ. कोणाविरुद्ध, हे कोण ठरवणार? कुठपर्यंत? आणि केव्हापर्यंत? आपल्या प्रतिनिधीने या तिन्हींची उत्तरं न घेता हात वर केला, तर त्याने आपली ठेव पावती न घेता दुसऱ्याला दिली असं समजायला हरकत नाही.

बार्बरा ली त्या रात्री ४२० जणांविरुद्ध एकट्या उभ्या राहिल्या. त्यांचं मत बरोबर होतं की चूक, यावर आपल्यात मतभेद होऊ शकतात, आणि प्रश्नोत्तरांत ते व्हावेतच. पण त्या जरा थांबा म्हणाल्या होत्या, आणि थांबून पाहिलं असतं तर कदाचित ती राहून गेलेली तारीख कोणाच्या तरी लक्षात आली असती.

इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ.